जमालियेचा एकतर्फी करार

बाकीच्या जगात माणसं लढाईला भितात. जमालिये तहाला भ्यायची. हसू नका, आमच्या ओमोर्फोत चार वर्षं राहून बघा म्हणजे कळेल. पाटीवर गावाचं नाव गुझेलयुर्त आहे, पण पाटी पाटीच्या जागी आणि तोंड तोंडाच्या जागी. जुनी माणसं अजून ओमोर्फोच म्हणतात. दर काही वर्षांनी आमच्या सायप्रसचे दोन्हीकडचे पुढारी, तुर्कांचे आणि ग्रीकांचे, कुठल्यातरी थंड, बर्फाच्या देशात जाऊन बसतात, बेटाचा नकाशा पसरतात, आणि त्या नकाशावर पहिलं बोट पडतं ते आमच्यावर. ओमोर्फो ग्रीकांना परत द्या, मग पुढचं बोलू. झालं! इकडे गावात लगेच घरांची रंगरंगोटी थांबते. गळकं छप्पर गळत राहतं. वाळलेल्या संत्र्याच्या जागी नवं रोप कोणी लावत नाही, कारण फळ धरायच्या आत आपण कुठे असू याचा पत्ता नाही. बोलणी फिसकटली की पुन्हा चुन्याचे डबे बाहेर येतात. असं चाळीस वर्षं चाललंय.

कॉफीच्या दुकानात बापे चेष्टा करतात. "सलाही, नवा नकाशा आलाय म्हणे. तुझं स्वयंपाकघर त्यांच्याकडे, न्हाणीघर आपल्याकडे!" सलाही म्हणजे जमालियेचा नवरा, संत्र्यांच्या बागेचा माणूस, मोजकं बोलणारा. तो म्हणतो, "बरं झालं. आंघोळ तरी आपल्या देशात होईल." सगळे हसतात, आणि घरी जाताना एकेकाचा चेहरा उतरलेला असतो.

जमालियेला हे विनोद ऐकवत नसत. टीव्हीवर बोलण्यांची बातमी लागली की ती उठून टीव्ही बंद करायची. शेजारीण नाजिये म्हणायची, "अगं अबा, घराची एवढी काय काळजी? गेलं तर दुसरं देतील." अबा म्हणजे थोरली बहीण, अख्खी गल्ली तिला अबाच म्हणते. घराची काळजी होतीच, कोणाला नसते? पण तिची खरी भीती घराची नव्हती. ती एका दगडाची होती, आणि त्या दगडाविषयी तिने कोणाजवळ, सलाहीजवळसुद्धा, कधी चकार शब्द काढला नव्हता.

ती मूळची बाफकडची. दक्षिणेच्या डोंगरातलं छोटं गाव, पंचवीस-तीस घरं आपली, तुर्कांची, खालच्या आळीत ग्रीकांची. लहानपणी दोन्ही आळ्यांत मिळून खेळल्यामुळे तिला ग्रीक घडाघडा बोलता यायचं. वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. मग लढाई झाली, बेटाचे दोन तुकडे झाले, आणि पुढच्या हिवाळ्यात सगळ्या तुर्कांना ट्रकांत भरून उत्तरेला आणलं. उत्तरेचे ग्रीक त्याआधीच जीव मुठीत धरून दक्षिणेला पळाले होते. त्यांची रिकामी घरं आम्हाला मिळाली. ट्रकमध्ये जागा कमी होती. जमालियेने एक पेटी, दोन गाद्या आणि कोंबड्यांची एक टोपली घेतली. मागे राहिली ती नेविन. त्यांची पहिली मुलगी, आठ महिन्यांची होऊन तापात गेलेली. तिची कबर तिथेच, गावाच्या टेकाडावर, एका बोटभर उंचीच्या दगडाखाली. ट्रक वळला तेव्हा जमालियेने मान वळवून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उडी मारली असती, असं तिने पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

आमच्याकडे बायरामच्या, म्हणजे ईदच्या, आदल्या दिवशी बायका कबरस्तानात जातात. हातात मेर्सिन नावाच्या सुवासिक झुडपाच्या डहाळ्या असतात. त्याचं पान बोटांत चुरगळलं की वास हाताला दिवसभर राहतो. ती डहाळी आपल्या माणसाच्या कबरीवर ठेवायची, लोटाभर पाणी ओतायचं, चार शब्द बोलून घरी यायचं. ओमोर्फोतला पहिला बायराम आला. सवयीने बायकांनी ओढ्याकाठून मेर्सिन तोडून आणला. आणि मग सगळ्या जणी चौकात नुसत्या उभ्या राहिल्या. कारण नव्या गावात कोणाचंच कोणी मेलेलं नव्हतं! घरं होती, बागा होत्या, विहिरी होत्या, पण आपला असा एकही मुडदा सबंध गावात नव्हता. कोणी रडायला लागलं, कोणी डहाळ्या विहिरीच्या कठड्यावर ठेवून दिल्या. नाजिये तेव्हा नवी नवरी होती. ती म्हणाली, "चला, घरात फुलदाणीत लावू." तिला सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या.

जमालिये डहाळी घेऊन चालत राहिली, गावाबाहेर. ग्रीकांचं कबरस्तान लागलं तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हतं. ती आत शिरली. मोठमोठे क्रूस, त्यांवर काचेखाली फोटो, मिशीवाले म्हातारे, काळा रुमाल बांधलेल्या बायका. एका कोपऱ्यात सुरूच्या झाडाखाली एक इवलासा पांढरा दगड होता आणि त्यावर एका बाळाचा फोटो. कान केवढे मोठे! नेविनचे कान असेच होते. जमालियेला त्याचं नाव वाचता येईना. तिने डहाळी त्या बाळावर ठेवली आणि जिथे कुठे असेल तिथल्या त्याच्या आईला उद्देशून ती म्हणाली, "बाई, तुझ्याकडे मी बघीन. तू माझ्याकडे बघ."

हा तिचा करार. दुसऱ्या बाजूला कोण आहे हे ठाऊक नाही, तिला कळलंय का हेही ठाऊक नाही. पण जमालियेने तो मनापासून पाळला. प्रत्येक बायरामला, कधी भर दुपारी लोक झोपलेले असताना, कधी शेळीला चारा आणायच्या निमित्ताने. त्या दिवसांत ग्रीकांच्या कबरस्तानात दिसणं म्हणजे चेष्टा नव्हती. नाक्यावर सैनिक असायचे, आणि गावात कोण कुठे जातं यावर डोळा ठेवणारे सैनिकांहून जास्त. एकाने नुसतं म्हटलं असतं, "अबाला ग्रीकांचा फार पुळका," तरी सलाहीची बाग काढून घेतली असती. ती मेर्सिन ओढणीखाली लपवून न्यायची आणि येताना प्रत्येक पावलाला मागे बघायची.

पुढे एका उन्हाळ्यात काही माणसं घण घेऊन तिकडे जायला लागली. कोण होती ते गावाला माहीत आहे, गाव बोलत नाही. आज दोन क्रूस आडवे, उद्या चार. दक्षिणेत आपल्याही कबरी फोडतात असं ती माणसं म्हणायची, आणि ते खोटंही नसेल. जमालियेच्या कानावर ते आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, ती कुदळ घेऊन गेली. इवला दगड तिने उपटला, बाळाचा चेहरा खाली करून पालथा निजवला, वर हातभर माती ओढली आणि मातीवर काटेरी झुडूप आणून टाकलं. घणवाले आठवड्याभरात त्या कोपऱ्यापर्यंत पोचले. तिथे फोडायला काही दिसलंच नाही. बाकी सगळ्याचा चुरा झाला. फक्त तो एक दगड धड राहिला, मातीच्या पोटात, आणि जगात ते फक्त जमालियेला माहीत होतं.

असं वाटतं ना की शहाणी बाई, बरं केलंन! तिलाही तसंच वाटायचं. मग फाटकं उघडली.

एवढी वर्षं बंद असलेली सीमा अचानक एका वसंतात उघडली, आणि ग्रीकांच्या गाड्यांची रांग लागली. आपापली जुनी घरं बघायला आले होते. जमालियेच्या दारातही एक म्हातारा येऊन अंगणातल्या लिंबाला हात लावून रडून गेला. तिने त्याला पिशवीभर लिंबं दिली. तिसऱ्या दिवशी ओरडा झाला की कबरस्तानाकडे लोक आलेत. जमालिये ओढणी सावरत धावली. भिंतीपाशी आमची निम्मी गल्ली बघायला उभी होती, नाजिये सगळ्यांत पुढे, आणि दोन पोलीस. आत ग्रीक माणसं चुऱ्यातून आपापले तुकडे शोधत होती. त्यांतली एक बाई, काळे कपडे, जमालियेच्याच वयाची, सरळ सुरूच्या झाडाशी गेली. तिला वाट विचारावी लागली नाही. तिथे तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी दुसऱ्यांच्या दगडांचे तुकडे उचलून उचलून बघायला लागली. "मिखालाकिस," ती म्हणत होती, "मिखालाकिस." तिचा नवरा तिला ओढून उठवत होता आणि स्वतःच कोसळत होता.

ती बसली होती तिथून दगड हातभर खाली होता. काटेरी झुडूप तिच्या झग्याला लागत होतं!

जमालियेने तोंड उघडलं. "मोडलंय सगळं. काय शोधतेय बिचारी," नाजिये कानाशी म्हणाली. पोलिसाने वळून भिंतीकडे पाहिलं. आणि जमालियेची दातखीळ बसली. आता सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, तुला कसं माहीत? दुसरा येणार, कधीपासून? आणि तिसरा, आणखी काय काय लपवलंयस? ती उद्या सांगेन म्हणत घरी आली. उद्या ती बाई आली नाही. परवाही नाही. पुन्हा कधीच आली नाही.

दोनेक महिन्यांनी जमालिये आणि सलाही बाफला जाऊन आले. गावात आपल्या आळीत घरं पडलेली, टेकाडावर बकऱ्या चरत होत्या. कमरेएवढं काटेरी गवत. सगळा दिवस दोघं वाकून शोधत राहिले. नेविनचा दगड कुठेच नव्हता. सलाही एका धोंड्यावर बसून राहिला आणि म्हणाला, "चल." परतताना जमालियेच्या मनाने हिशेब मिटवून टाकला. मी तोंड उघडलं नाही, म्हणून माझंही गेलं. देवाने करार मोडला नाही, मी मोडला. हे तिने ज्या दिवशी ठरवलं त्या दिवसापासून तिची भीती दुप्पट झाली, कारण तो पालथा दगड आता तिच्या पापाचा पुरावा होता.

आता ऐका ते त्या हिवाळ्याचं, ज्यात सगळे म्हणत होते की यावेळी नक्की होणार. पुढारी पुन्हा बर्फात गेले होते. टीव्हीवर रात्रंदिवस नकाशा. नाजियेने अर्धी भिंत रंगवून डबा तसाच ठेवून दिला होता. आणि अशात एका संध्याकाळी सलाही कॉफीच्या दुकानातून आला, मोलोहियाच्या भाजीची थाळी पुढे ओढली आणि म्हणाला, "ग्रीकांचं कबरस्तान साफ करणार आहेत. दोन्हीकडच्या लोकांची समिती आलीय. मनं जवळ यावीत म्हणून."

"साफ म्हणजे?"

"म्हणजे जेसीबी लावून सगळा चुरा उचलणार. जमीन सपाट करणार. मग वर एकच मोठा दगड बसवणार, सगळ्यांच्या नावांचा. उद्या सुरू करताहेत. तिकडचेही येणारेत बघायला."

जमालियेच्या हातातली पोळी थाळीत पडली. सलाहीने वर पाहिलं. "काय गं? बरं वाटत नाही?"

"वाटतंय," ती म्हणाली.

त्या रात्री ती झोपली नाही एवढंच सांगतो. सगळ्या बाजूंनी तिने विचार केला. पहाटे जाऊन गुपचूप काढावा? दगड जड, तिचे गुडघे गेलेले, आणि तिथे आता राखणदार बसवला होता. समितीला चिठ्ठी टाकावी? चिठ्ठी कोणी टाकली हे आमच्या गावात दुपारपर्यंत कळतं. गप्प बसावं? गप्प बसणं तिला चांगलं जमत होतं, चौदा वर्षांचा सराव होता. पण घणांतून वाचलेला दगड जर समेट करायला आलेल्या यंत्राखाली फुटला, तर? तर नेविनचं काय, हे तिच्या डोक्यातून जाईना. हसाल तुम्ही, त्या दोन दगडांचा एकमेकांशी काय संबंध! तिच्यासाठी ते एकाच दोरीची दोन टोकं होती.

सकाळी ती गेली तेव्हा पिवळं जेसीबी धुरळा उडवत निम्म्या कबरस्तानातून फिरलेलं होतं. भिंतीपाशी पुन्हा तीच निम्मी गल्ली, आता म्हातारी झालेली, आणि पुन्हा नाजिये पुढे. समितीची माणसं गळ्यात ओळखपत्रांच्या पट्ट्या लटकवून उभी होती. मुकादम एर्तान आपल्याच गावचा, जमालियेने त्याला लहानपणी संत्री चोरताना पकडलेला. पलीकडे ग्रीक माणसांचा घोळका. त्यांत काळ्या कपड्यांतली एक बाई. केस पांढरे झाले होते, नवरा बरोबर नव्हता. जमालियेने तिला लगेच ओळखलं.

जेसीबीचा दात सुरूच्या झाडाच्या दिशेने वळला.

जमालियेला नंतर कधी नीट सांगता आलं नाही की भिंतीवरून ती कशी गेली. फाटकातून फिरून जायला हवं होतं. त्या वयात! नाजिये शपथेवर सांगते की तिने भिंतीवरून पाय टाकलेला आपण पाहिला. एवढं खरं की पुढच्या क्षणी ती झाडाखाली दोन्ही हात पसरून उभी होती आणि ओरडत होती, "थांब! इथे पोर आहे! इथे पोर आहे!"

चालकाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने यंत्र बंद केलं आणि खाली उडी मारून चाकांखाली बघायला लागला. एर्तान धावत आला. "अबा! कुठे पोर? कोणाचं पोर?"

"खाली," जमालिये म्हणाली. "फावडं दे. नको, फावडं नको. हातांनीच काढू."

ती खाली बसली. एर्तानने झुडूप उपटलं. तोही मग खाली बसला, अजून कळत काही नव्हतं तरी. माती गच्च झाली होती. सगळे जवळ आले, पट्टीवाले, ग्रीक, आपले. कोणीतरी कुजबुजलं की म्हातारीला वेड लागलंय. मग एर्तानच्या बोटांना गुळगुळीत काही लागलं. दोघांनी मिळून ते उलटं केलं. मातीने काळा पडलेला, पण एक टवका न उडालेला दगड. जमालियेने ओढणीने फोटो पुसला. मोठ्या कानांचं बाळ वर बघत होतं.

मागून एक आवाज आला. किंचाळी म्हणवत नाही, रडणंही नाही. काळ्या कपड्यांतली बाई माणसं सारून पुढे आली, दगडापाशी बसली आणि त्याला छातीशी धरायला लागली, जणू तो उचलता येणारच होता. लुकिया तिचं नाव, मागाहून कळलं. बऱ्याच वेळाने तिने ग्रीकमध्ये विचारलं, "कोणी पुरला हा?"

आता पळायचं असतं तर हीच वेळ होती. जमालिये म्हणाली, "मी."

"कधी?"

"घण घेऊन आले होते तेव्हा. फुटू नये म्हणून."

लुकियाचा चेहरा क्षणभर सैल झाला. मग तिच्या डोक्यात हिशेब झाला. तो होताना जमालियेला दिसला. "म्हणजे मी आले होते तेव्हा हा इथेच होता," ती हळू म्हणाली. "मी इथे बसले होते. इथेच. तू कुठे होतीस?"

जमालियेने भिंतीकडे बोट दाखवलं.

"बघत होतीस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"भ्याले."

लुकिया उभी राहिली. आता ही मारणार, असं सगळ्यांना वाटलं, एर्तानने तर हात पुढे केला. पण तिने हात उचलला नाही. "माझा नवरा आठ वर्षं जगला त्यानंतर," ती म्हणाली. "रोज म्हणायचा, त्यांनी माझं मेलेलं पोर दुसऱ्यांदा मारलं. मरताना शेवटचं वाक्य तेच होतं त्याचं. तू एक शब्द बोलली असतीस बाई! एक शब्द!"

समितीतला कोणीतरी पुढे होऊन दोघींना समजावायला लागला, की हा किती महत्त्वाचा क्षण आहे वगैरे. दोघी एकदमच त्याच्यावर खेकसल्या, "तू गप्प बस!" एकीने तुर्कीत, एकीने ग्रीकमध्ये. तो गप्प बसला.

"कशासाठी केलंस पण?" लुकियाने विचारलं. "तुझं काय होतं त्यात?"

आणि मग जमालियेने सगळं सांगितलं. नेविन, ट्रक, चौकात डहाळ्या घेऊन उभ्या बायका, मोठे कान, करार. भिंतीपाशी आमची निम्मी गल्ली ऐकत होती. ग्रीक कळणाऱ्या म्हाताऱ्या बाकीच्यांना सांगत होत्या. सलाही कधी येऊन उभा राहिला होता कोणाला कळलं नाही. नेविनचं नाव ऐकल्यावर त्याने टोपी काढली. घरात ते नाव इतक्या वर्षांत त्याच्यासमोर कोणी उच्चारलं नव्हतं.

"मग तुझा दगड मिळाला?" लुकियाने विचारलं. आवाज अजून कडकच होता.

"नाही. दिवसभर शोधला. काही नव्हतं तिथे."

"खणून पाहिलंस?"

जमालिये तिच्याकडे बघतच राहिली. आपण स्वतः एक दगड मातीत पुरून ठेवला होता, त्याच्यावर चाळीस वर्षं जीव टाकला होता, आणि स्वतःच्या पोरीपाशी जाऊन नुसतं गवत बाजूला करून आलो! खाली बघायचं सुचलंसुद्धा नाही. सलाहीने पुढे होऊन तिचा हात धरला.

लुकियाने डोळे पुसले. "हा उभा कर," ती म्हणाली.

"पुन्हा फोडतील," जमालिये म्हणाली. "बोलणी फिसकटली तर लोक चिडतात. तुला माहीत नाही इथलं. खालीच बरा आहे."

"फोडू देत. पण माझं पोर तोंड मातीत घालून झोपणार नाही. उभा कर."

सिमेंट सलाहीने कालवलं. बादली, थापी घेऊन आला आणि दगड बसवला, पाणसळ लावून अगदी सरळ. नाजिये भिंतीवरून म्हणाली, "इतकी वर्षं ग्रीकाची कबर पुजत होतीस आणि आम्हाला पत्ता नाही! धन्य आहेस अबा!" आणि मग हुंदके देऊन रडायला लागली, कारण तिचाही बाप दक्षिणेत पुरलेला होता. जाताना लुकियाने जमालियेचा हात धरला नाही. एर्तानकडून टेलिफोनचा नंबर मात्र लिहून घेतला.

त्या दिवसानंतर जमालियेची भीती गेली असं कोणाला वाटत असेल तर ते चूक. भीती वाढली. दगड खाली होता तेव्हा बायरामलाच भ्यायचं होतं. आता रोज भ्यायचं. सकाळी उठली की आधी कबरस्तान, मग चहा. आहे. उभा आहे. एकदा कोणीतरी भिंतीवर घाण लिहिलं, तेव्हा तीन दिवस ती तिथेच खुर्ची टाकून बसली. आणि मग भर उन्हाळ्यात बातमी आली की बोलणी मोडली. पुढारी हात न मिळवता उठले. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला, काहींना वाईटही वाटलं, काहींना दोन्ही वाटलं. नाजियेने उरलेली अर्धी भिंत रंगवायला घेतली. जमालिये धावत कबरस्तानात गेली, आता फोडतील म्हणून. दगड उभा होता. फोटोतल्या कानांवर मुंगळे चालत होते.

कुर्बान बायरामच्या, म्हणजे बकरी ईदच्या, आदल्या दिवशी फोन वाजला. लुकिया, दक्षिणेतल्या लिमासोलहून आलेली. "नाक्यापलीकडे गाडी घेऊन उभी आहे. कुदळ आणशील की मी घेऊ?" जमालियेने नाही म्हणायला तोंड उघडलं. जोवर खणलं नव्हतं, तोवर खाली दगड असू शकत होता. त्या एका शक्यतेवर ती गेले काही महिने तग धरून होती. सलाही तिच्याकडे बघत होता. "तुला बरोबर यायचं?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. "मला नाही बघवणार. तू जा." मग ओढ्याकाठी जाऊन त्याने मेर्सिनच्या डहाळ्या तोडून आणल्या आणि ओल्या कापडात बांधून दिल्या.

लुकिया गाडी वेगात चालवायची आणि वळणावर शिव्या द्यायची. टेकाडावर ऊन मी म्हणत होतं, बकऱ्या होत्याच. जमालियेने जागा दाखवली. टेकाडाच्या टोकाला वाकड्या कॅरोबच्या झाडापासून खाली, तिचे पाय ती जागा विसरले नव्हते. तिने कुदळ उचलली आणि तिचे हात थांबले. लुकियाने तिच्या हातून कुदळ घेतली. "तू माती सार."

त्यांनी खूप वेळ खणलं. जरा बाजूला, मग जरा वर. दगड लागले, बाफची माती दगडांचीच आहे, पण प्रत्येक वेळी साधा धोंडाच. मुळं निघाली, एक गंजलेला डबा निघाला. ऊन कललं तेव्हा जमालिये मातीच्या ढिगावर बसली. "पुरे," ती म्हणाली. "कोणी नव्हतं. पलीकडे कोणीच नव्हतं इतकी वर्षं. मी एकटीच बोलत होते."

लुकियाने खड्डा बुजवला, पायाने माती दाबली. खणताना निघालेल्या धोंड्यांतला एक बरा, चपटा धोंडा निवडला आणि तो त्या जागी रोवला. उभा. हलवून पाहिला, पुन्हा ठोकला. मग ओलं कापड सोडलं, मेर्सिनची एक डहाळी जमालियेच्या हातात दिली आणि दुसरी स्वतः धोंड्यापाशी ठेवली. बाटलीतलं प्यायचं पाणी वर ओतलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, त्या दिवशी कबरस्तानात जमालियेकडून ऐकलं होतं तेवढंच.

हात झटकत तिने विचारलं, "तुमचे सण दर वर्षी सरकतात ना? पुढचा बायराम कधी?"

सगळं आयुष्य बायराम मोजत काढलेल्या जमालियेला तारीख आठवेना. ती नुसती रडत होती. लुकिया पुन्हा म्हणाली, "आठवून सांग. मला लिमासोलहून यायचंय."